26 जानेवारीचे संचलन: सलामी कोण देतो, कोणाला देतो आणि का?

जानेवारी सुरू झाला की दोन बातम्या हमखास येतात. दिल्लीच्या संचलनाला यंदा प्रमुख पाहुणे कोण आणि कोणत्या राज्याचा चित्ररथ गळाला. त्यावर आठ-दहा दिवस वाद रंगतो, 26 तारखेला सकाळी घरोघरी टीव्ही लागतो, विमाने रंगीत धूर सोडत निघून जातात. मुलांचे प्रश्न मात्र तसेच राहतात. संविधानाचा दिवस आहे तर रणगाडे कशाला? पंधरा ऑगस्टला पंतप्रधान झेंडा फडकवतात, मग आज राष्ट्रपती का? तोफा एकवीसच का?

हे प्रश्न मोठ्यांनाही पडतात, फक्त ते विचारत नाहीत. त्यांची उत्तरे शोधत गेले की लक्षात येते, की कर्तव्यपथावरच्या त्या दीड तासात आपले संविधान डोळ्यांनी पाहता येते. कोण कोणापुढे मान वळवतो, कोण उभा राहतो, कोण मंचावर असतो आणि कोण रस्त्यावर, या प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी ठरवलेले आहे.

स्वातंत्र्य मिळाले होते, मग 26 जानेवारीला काय झाले?

15 ऑगस्ट 1947 ला इंग्रजांची सत्ता गेली, पण त्या दिवशी भारत प्रजासत्ताक झाला नाही. कायद्याच्या भाषेत तो 'डोमिनियन' झाला. म्हणजे कारभार आपला, पण राष्ट्रप्रमुख म्हणून नाव इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज याचे. त्याचा प्रतिनिधी म्हणून आधी माउंटबॅटन आणि जून 1948 पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. देशाचा गाडा इंग्रजांनीच केलेल्या 1935 च्या कायद्यावर, त्यात हवे ते बदल करून, चालत होता. जमिनीचा ताबा मिळाला, नांगरट-पेरणी आपण करू लागलो, पण सातबाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचे, अशी ती जवळपास अडीच वर्षे होती.

26 जानेवारी 1950 ला फेरफार झाला. मूळ संविधानात 395 अनुच्छेद होते. त्यातल्या अगदी शेवटच्या अनुच्छेदाने 1935 चा कायदा रद्द केला आणि त्यासोबत ब्रिटिश संसदेने केलेला 1947 चा भारतीय स्वातंत्र्य कायदाही रद्द केला. ज्या कायद्याने स्वातंत्र्य 'दिले', तोच आपण मोडीत काढला! आता आपल्या राज्याचा अधिकार लंडनच्या कोणत्याही कागदातून येत नव्हता. तो 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांतून येत होता. मला हा संविधानातला सर्वांत स्वाभिमानी अनुच्छेद वाटतो, आणि त्याच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

तारीखही सहज निवडलेली नाही. संविधान सभेने संविधान स्वीकारले 26 नोव्हेंबर 1949 ला. नागरिकत्व, निवडणुका अशा काही तरतुदी त्याच दिवशी लागू झाल्या, बाकीचे संविधान दोन महिने थांबवले गेले. कारण डिसेंबर 1929 मध्ये काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला होता आणि 26 जानेवारी 1930 हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला होता. वीस वर्षांपूर्वी गावोगावी ज्या दिवशी शपथा घेतल्या गेल्या, तोच दिवस राज्यघटनेला दिला गेला.

त्या सकाळी 10 वाजून 18 मिनिटांनी राजगोपालाचारींनी भारत प्रजासत्ताक झाल्याचे जाहीर केले आणि काही मिनिटांतच डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. दुपारी ते घोड्यांच्या बग्गीतून आयर्विन स्टेडियमला गेले. आज त्या जागी मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियम आहे. तिथे सुमारे 3000 सैनिकांचे पहिले संचलन झाले. पुढची काही वर्षे जागा बदलत राहिली. लाल किल्ला, रामलीला मैदान असे करत 1955 पासून संचलन राजपथावर स्थिरावले. 2022 मध्ये त्याच रस्त्याचे नाव कर्तव्यपथ झाले.

सण संविधानाचा, मग पुढे सैन्य का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तरासाठी सैनिकाच्या शपथेकडे पाहावे लागते.

1950 पूर्वी भारतीय सैनिक इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेत असे. दोन्ही महायुद्धांत आपल्याकडचे लाखो जवान त्याच शपथेवर लढले. प्रजासत्ताक आल्यावर शपथ बदलली. आता जवान संविधानाशी निष्ठा राखण्याची आणि राष्ट्रपतींची व आपल्या वरिष्ठांची आज्ञा पाळण्याची शपथ घेतो. संविधानाच्या 53 व्या अनुच्छेदानुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. आणि राष्ट्रपती स्वतः पद स्वीकारताना काय शपथ घेतात? संविधानाचे जतन, संरक्षण आणि रक्षण करण्याची.

साखळी अशी आहे: जवानाची निष्ठा संविधानाशी, आज्ञा राष्ट्रपतींची, राष्ट्रपती संविधानाला बांधलेले, आणि संविधान लोकांचे. 26 जानेवारीला ही साखळी रस्त्यावर चालताना दिसते. पथक सलामी मंचापुढे येते, पथकप्रमुखाची तलवार खाली झुकते, जवानांच्या माना एका झटक्यात मंचाकडे वळतात. मंचाच्या बाजूची कडेची रांग तेवढी समोर पाहत राहते, कारण ओळ सरळ ठेवण्याची जबाबदारी तिच्यावर असते. रेजिमेंटचे निशान राष्ट्रपतींपुढे झुकते. राष्ट्रध्वज मात्र कोणापुढेही झुकवायचा नाही, राष्ट्रपतींपुढेसुद्धा नाही, असा नियम आहे.

थोडक्यात, देशात ज्यांच्या हाती शस्त्रे आहेत ते वर्षातून एकदा सर्वांसमक्ष येतात आणि निवडून आलेल्या, निःशस्त्र नागरिकाला मानवंदना देतात. तो नागरिक कधी शिक्षक असतो, कधी शास्त्रज्ञ, कधी एखाद्या आदिवासी पाड्यातून आलेली स्त्री. आज्ञा देणारा माणूस बदलतो, पदाला मिळणारी सलामी तीच राहते.

'राष्ट्रपती तर नामधारी. मग ही सलामी खोटीच नाही का?'

हा आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. 74 व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. युद्ध करायचे की नाही हे प्रत्यक्षात मंत्रिमंडळ ठरवते, आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते.

ही रचना मुद्दाम अशी केली आहे. जो रोजचे निर्णय घेतो त्याच्याकडे सर्वोच्च सेनापतीचा मान नाही, आणि ज्याच्याकडे तो मान आहे त्याला एकट्याने आज्ञा देता येत नाही. सैन्याची निष्ठा आजच्या सरकारी पक्षाकडे किंवा एखाद्या लोकप्रिय नेत्याकडे वळू नये, ती पदाकडे आणि संविधानाकडेच राहावी, यासाठी ही विभागणी फार उपयोगी पडते. म्हणून 26 जानेवारीला पंतप्रधान आधी राष्ट्रीय युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहतात, मग मंचाजवळ येऊन राष्ट्रपतींचे स्वागत करतात. त्या दिवशी यजमानपण राष्ट्रपतींचे असते.

झेंड्याचा फरकही यातूनच आला. 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधान दोरी ओढतात, तेव्हा झेंडा खालून वर चढतो. देश पारतंत्र्यातून वर आला याची ती खूण. 26 जानेवारीला झेंडा आधीच काठीच्या टोकाला गुंडाळून बांधलेला असतो. राष्ट्रपती दोरी ओढून तो फक्त उलगडतात, कारण देश स्वतंत्र आहेच, या दिवशी त्याचा स्वतःचा कायदा लागू झाला.

सैन्य नागरी सत्तेखाली असते, यात विशेष ते काय?

आपल्याला हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे मोल जाणवत नाही. 1955 साली राजपथावरच्या संचलनाला प्रमुख पाहुणे होते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल मलिक गुलाम मोहम्मद. त्यांनी काही महिन्यांपूर्वीच, ऑक्टोबर 1954 मध्ये, आपल्या देशाची संविधान सभा बरखास्त केली होती. पाकिस्तानला पहिले संविधान मिळाले 1956 मध्ये. ते अडीच वर्षे टिकले. ऑक्टोबर 1958 मध्ये जनरल अयूब खान यांनी सत्ता ताब्यात घेतली.

दोन्ही देशांचे सैन्य एकाच ब्रिटिश-भारतीय सैन्यातून निघाले होते. तीच शिस्त, त्याच रेजिमेंट, एकाच मेसमध्ये जेवलेले अधिकारी. मग वाटा वेगळ्या का झाल्या? कारणे अनेक आहेत, पण सुरुवातीच्या वर्षांत आपल्याकडे काही गोष्टी जाणीवपूर्वक केल्या गेल्या. इंग्रजी अमलात सरसेनापतीचे स्थान व्हाइसरॉयच्या खालोखाल असे आणि दिल्लीत त्याला मोठा प्रासाद होता. 1948 मध्ये तो प्रासाद पंतप्रधानांचे निवासस्थान झाला. तेच आजचे तीन मूर्ती भवन. 1955 मध्ये 'कमांडर-इन-चीफ' हे पदनामच कायद्याने संपवले गेले. भूदल, नौदल, हवाई दल तिघांनाही आपापले प्रमुख उरले, सर्वोच्च आधिपत्य एकट्या राष्ट्रपतींकडे राहिले. संचलनाने राजपथ धरला तेही याच वर्षी.

याचे श्रेय सैन्यालाही द्यायला हवे. बंदूक हाती असलेल्या माणसाने स्वतःहून मर्यादा पाळणे ही मोठी गोष्ट आहे, आणि आपल्या सैन्याने ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. मला संचलन पाहताना अभिमान वाटतो तो सर्वांत आधी याचा. क्षेपणास्त्राचा पल्ला किती, हे त्यानंतर येते.

एकवीस तोफा कुठून आल्या?

झेंडा उलगडतो, राष्ट्रगीत सुरू होते आणि तोफा धडधडू लागतात. राष्ट्रगीताला 52 सेकंद लागतात, त्याच 52 सेकंदांत 21 बार पूर्ण व्हावे लागतात. तोफा मात्र एकवीस नसतात. सात तोफा आळीपाळीने प्रत्येकी तीन बार काढतात. बार अर्थातच पोकळ, त्यात गोळा नसतो. अनेक दशके या सलामीसाठी इंग्रजांच्या काळातल्या 25 पौंडी तोफा वापरल्या जात. 2023 पासून त्यांची जागा 105 मिलिमीटरच्या भारतीय बनावटीच्या तोफांनी घेतली.

तोफांची सलामी ही समुद्रावरची जुनी रीत. परक्या बंदरात शिरताना जहाज आपल्या तोफा उडवून रिकाम्या करी. पुन्हा ठासायला वेळ लागे, त्यामुळे 'आमच्याकडून धोका नाही' हे किनाऱ्यावर आपोआप कळे. सलामीचा मूळ अर्थ हा असा आहे, शस्त्र रिकामे करून दाखवणे.

पुढे इंग्रजांनी तोफांची संख्या मानपानाचे माप म्हणून वापरली. सम्राटाला 101, व्हाइसरॉयला 31, आणि संस्थानिकांना त्यांच्या दर्जाप्रमाणे 9 पासून 21 पर्यंत. बडोदा आणि ग्वाल्हेर 21 तोफांचे मानकरी, कोल्हापूर 19 चे. कोणाच्या तोफा वाढल्या आणि कोणाच्या घटल्या यावरून रुसवेफुगवे होत. 26 जानेवारी 1950 ला पहिल्या राष्ट्रपतींना 31 तोफांची सलामी झाली, म्हणजे व्हाइसरॉयइतकीच. नंतर आपण आंतरराष्ट्रीय प्रथेप्रमाणे 21 वर आलो. ज्या मोजमापाने राजे-महाराजे एकमेकांपेक्षा मोठे ठरत, ते आता एका निर्वाचित पदापाशी येऊन थांबले आहे.

तरीही हे ताकदीचे प्रदर्शन नाही का?

काही अंशी आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. ब्रह्मोस, आकाश, पिनाक यांसारखी आयुधे रस्त्यावरून नेली जातात ती जगाने पाहावीत म्हणूनच. दूतावासांतले लष्करी अधिकारी ती बारकाईने पाहतात. नवे क्षेपणास्त्र संचलनात पहिल्यांदा दिसले की त्याची बातमी परदेशातही होते. फ्रान्समध्ये 14 जुलैला आणि रशियात 9 मेला अशीच शस्त्रे रस्त्यावर येतात.

पण संचलन तेवढ्यापुरतेच पाहिले तर अर्धे हातचे जाते. परमवीरचक्र आणि अशोकचक्र मिळालेले वीर जीपमधून संचलनाच्या सुरुवातीलाच जातात. राष्ट्रीय छात्र सेनेची मुले-मुली असतात, शाळांचे आणि लोककलावंतांचे नाच असतात, सीमा सुरक्षा दलाचे उंट असतात. 2023 पासून त्या उंटांवर महिला जवानही दिसू लागल्या. 2024 मध्ये संचलनाची सुरुवातच लष्करी बँडऐवजी शंख, नादस्वरम, नगारा वाजवणाऱ्या शंभर महिला कलावंतांनी केली.

शौर्यपदकांचा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. परमवीरचक्राची स्थापना 26 जानेवारी 1950 चीच. त्याचे रेखाटन केले सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या. शांतताकाळातले सर्वोच्च शौर्यपदक म्हणजे अशोकचक्र. ते संचलनापूर्वी राष्ट्रपतींच्या हस्ते दिले जाते. 26 जानेवारी 2009 ला, मुंबईवरच्या हल्ल्याला दोन महिने होत असताना, हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, तुकाराम ओंबळे आणि मेजर संदीप उन्नीकृष्णन यांना ते मरणोत्तर दिले गेले. पदके देणाऱ्या राष्ट्रपती होत्या प्रतिभाताई पाटील. ओंबळे हे मुंबई पोलिसांतले साहाय्यक फौजदार. हातात लाठी घेऊन त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांचे नाव राजपथावर पुकारले गेले, हे शस्त्रांच्या प्रदर्शनात बसणारे नाही.

विमानांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण ती सहज आल्यासारखी वाटतात. वेगवेगळ्या तळांवरून, वेगवेगळ्या वेगाची विमाने सुटतात आणि सलामी मंचावर ठरलेल्या सेकंदाला पोहोचतात. हेलिकॉप्टर आणि लढाऊ विमान यांच्या वेगात कितीतरी पटींचा फरक, म्हणून प्रत्येकाची सुटण्याची वेळ आणि वाट वेगळी. जानेवारीच्या धुक्यामुळे कधी एखादी रचना ऐनवेळी गाळावी लागते. आणि दिल्लीच्या आकाशात घारी फार. विमानाला घार धडकली तर अनर्थ होईल, म्हणून आधीचे काही दिवस वन विभाग ठरावीक ठिकाणी मांसाचे तुकडे टाकतो, म्हणजे घारी खालीच रमतात.

आपल्या राज्याचा चित्ररथ का गळतो?

सर्वांत जास्त राग या विषयावर निघतो. 2020 मध्ये महाराष्ट्राचा आणि पश्चिम बंगालचा चित्ररथ नव्हता, 2022 मध्ये तमिळनाडू, केरळ आणि बंगालचा गळला. प्रत्येक वेळी 'आमच्यावर अन्याय' असा सूर उमटला. निवड कशी होते ते आधी पाहू.

संचलनाची जबाबदारी संरक्षण मंत्रालयाची. ते काही महिने आधी सर्व राज्ये, केंद्रशासित प्रदेश आणि केंद्रीय खात्यांकडून प्रस्ताव मागवते. चित्रकला, शिल्पकला, संगीत, वास्तुकला, नृत्य अशा क्षेत्रांतल्या जाणकारांची समिती ते तपासते. आधी कागदावरचे रेखाटन. ते पसंत पडले तर सुधारणा सुचवल्या जातात. मग त्रिमितीय प्रतिकृती, मग संगीत आणि नाच. एका बैठकीत संपणारे हे काम नाही. पाच-सहा फेऱ्या सहज होतात. मधल्या कोणत्याही टप्प्यावर प्रस्ताव बाद होऊ शकतो.

2020 चा हिशेब पाहा. राज्ये व केंद्रशासित प्रदेशांचे 32 आणि खात्यांचे 24, असे 56 प्रस्ताव आले. निवडले गेले 22, त्यांत राज्ये व केंद्रशासित प्रदेश 16. म्हणजे दर वर्षी निम्मे अर्जदार घरी राहणारच. संचलन दीड तासात संपवायचे असते आणि चित्ररथ माणसाच्या चालीने सरकतो.

नियमही कडक आहेत. प्रत्येकाला सारखाच ट्रॅक्टर आणि ट्रेलर, लांबी-रुंदी-उंचीची मर्यादा ठरलेली. राज्याचे नाव पुढे हिंदीत, मागे इंग्रजीत आणि बाजूंना प्रादेशिक भाषेत. याखेरीज एकही अक्षर किंवा बोधचिन्ह चालत नाही. दोन राज्यांचे चित्ररथ एकसारखे दिसता कामा नयेत. अक्षरे नसल्यामुळे सगळा भार दृश्यावर पडतो. प्रेक्षकाला काही सेकंदांत, निवेदन न ऐकताही कळले पाहिजे. महाराष्ट्राने 2015 मध्ये पंढरीची वारी आणि 2018 मध्ये शिवराज्याभिषेक नेला आणि दोन्ही वेळा पहिला क्रमांक मिळवला, त्यामागे हेच आहे. टाळ-मृदंग आणि पताका पाहून वारी कोणालाही समजते. 2023 मध्ये साडेतीन शक्तिपीठांच्या चित्ररथाने दुसरा क्रमांक मिळवला.

मग राजकारण होतच नाही का? समिती जाणकारांची असली तरी तिला केंद्राचे खाते नेमते, आणि बाद झालेल्या राज्याला तपशीलवार कारणे जाहीरपणे मिळत नाहीत. जोवर ती मिळत नाहीत तोवर संशय राहणार, आणि तो संशय घेणाऱ्याला दोष देता येणार नाही. 2024 च्या सुमारास यावर एक तोडगा निघाला. तीन वर्षांच्या चक्रात प्रत्येक राज्याला एकदा तरी संधी, आणि ज्यांची पाळी नाही त्यांचे चित्ररथ लाल किल्ल्यावरच्या 'भारत पर्व' या उत्सवात. पाळी ठरली की गळण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. पण कारणे लेखी जाहीर करणे हा उपाय अधिक चांगला, असे मला वाटते. संविधानाच्या उत्सवात तरी निर्णय उघड्यावर व्हावेत.

परदेशी पाहुणा कशासाठी?

पहिल्या वर्षी इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आले होते. तोही देश नुकताच वसाहतीच्या जोखडातून सुटलेला. 75 वर्षांनी, 2025 मध्ये, पुन्हा इंडोनेशियाचेच राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबियांतो आले. मधल्या काळात 1961 ला राणी दुसरी एलिझाबेथ, 1995 ला नेल्सन मंडेला, 2015 ला बराक ओबामा येऊन गेले आणि 2018 ला आग्नेय आशियातल्या दहा देशांचे नेते एकत्र आले. ज्या देशाशी संबंध वाढवायचे त्याला हा मान दिला जातो. पाहुणा दोन-तीन दिवस राहतो, त्यात करार होतात. 1961 ला मात्र वेगळेच चित्र दिसले. जिच्या वडिलांचे नाव अकरा वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या राष्ट्रप्रमुखाच्या जागी होते, ती राणी आता पाहुणी म्हणून बसली होती आणि सलामी भारताचे राष्ट्रपती घेत होते.

गरिबी असताना हा थाट हवा का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवणे सोपे आहे, पण ते चूक आहे. संविधान सभेतल्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच चिंता बोलून दाखवली होती. 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत, राजकारणात समता असेल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पिचलेले लोक ही लोकशाहीची इमारत उधळून लावतील, असे त्यांनी बजावले होते. म्हणजे खुद्द संविधानाच्या शिल्पकारानेच त्या दिवसाच्या आनंदात हा प्रश्न ठेवून दिला आहे.

रस्ते बंद होतात, बंदोबस्ताचा ताण पडतो, दिल्लीकरांची गैरसोय होते, हेही खरे. मला वाटते, उत्सव कोणासाठी आहे यावर त्याचे मोल ठरते. अलीकडच्या वर्षांत तिकिटे 20 आणि 100 रुपयांना ऑनलाइन मिळतात आणि शेतकरी, सफाई कामगार, फेरीवाले यांना खास निमंत्रणे जातात. 2023 मध्ये कर्तव्यपथ आणि सेंट्रल व्हिस्टाच्या बांधकामावरच्या मजुरांना निमंत्रण होते. ज्यांनी रस्ता घडवला तेच त्या रस्त्यावरचे मानकरी झाले. हे दर वर्षी आणि मोठ्या संख्येने व्हायला हवे.

दिल्लीबाहेर 26 जानेवारी कशी असते?

मुंबईत शिवाजी पार्कवर राज्याचे संचलन होते आणि सलामी राज्यपाल घेतात. इथेही दिल्लीचाच नमुना आहे: 26 जानेवारीला घटनात्मक प्रमुख, 15 ऑगस्टला निवडून आलेले सरकार. पण 1973 पर्यंत राज्यांत 15 ऑगस्टलाही राज्यपालच झेंडा फडकवत. 'लाल किल्ल्यावर पंतप्रधान, मग राज्यात मुख्यमंत्री का नाही?' असा प्रश्न तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांनी इंदिरा गांधींकडे लावून धरला. 1974 पासून तो मान सर्व मुख्यमंत्र्यांना मिळाला. एका राज्याने विचारलेल्या साध्या प्रश्नाने देशभरची प्रथा बदलली.

आपल्या घरावर झेंडा लावण्याचा हक्कही असाच भांडून मिळाला आहे. एका नागरिकाने न्यायालयात दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2004 मध्ये सांगितले, की मान राखून राष्ट्रध्वज फडकवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. 2022 च्या बदलानंतर घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. नियम साधे आहेत. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन, केशरी पट्टा वर, फाटका किंवा मळलेला झेंडा लावायचा नाही, प्लॅस्टिकचा वापरायचा नाही. मुलांनी हातात धरलेले कागदी झेंडे चालतात, पण कार्यक्रमानंतर ते रस्त्यावर टाकायचे नाहीत. खराब झालेला ध्वज एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करायचा.

जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा पालकमंत्री ध्वजवंदन करतात, गावात सरपंच. महाराष्ट्रात 26 जानेवारीला ग्रामसभा घेण्याचीही रीत आहे, तशीच ती 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला असते. गणपूर्तीसाठी गावातल्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी ती लागते. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ग्रामपंचायतीच्या जमाखर्चावर, घरकुलाच्या यादीवर, पाण्याच्या योजनेवर तिथे कोणताही मतदार प्रश्न विचारू शकतो, आणि उत्तर देण्याची जबाबदारी सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचा ग्रामसेवक) असते.